भाव यंत्राने आणावा, निर्णय आपण करावा

व्यापाराचा जीव भावात असतो. माल तोच, गिऱ्हाईक तेच. पण सकाळचा भाव दुपारी राहिला नाही तर नफ्याचा तोटा व्हायला वेळ लागत नाही. सुताच्या बाबतीत आम्ही कापडवाल्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहे. शेअरचेही तेच आहे. फरक इतकाच की सुताचा भाव दिवसातून एकदोनदा हलतो आणि शेअरचा भाव क्षणाक्षणाला.

मुंबईचा शेअर बाजार १८७५ सालचा. शंभर वर्षांहून अधिक काळ तेथे सौदे तोंडाने ओरडून आणि हाताच्या खुणांनी होत असत. १९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजार, म्हणजे एनएसई, पडद्यावरच्या सौद्यांसह सुरू झाला आणि १९९५ साली मुंबईच्या बाजारानेही संगणक स्वीकारला. त्यापूर्वी भिवंडी-मालेगावच्या व्यापाऱ्याला भाव कळायचा तो दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून, नाहीतर दलालाच्या फोनवरून. आज तो मागवाल्याच्या खिशातल्या मोबाईलवरही दिसतो. तरीसुद्धा हिशेबाच्या पानावर तो अजून हातानेच उतरवला जातो, असे चित्र आम्हाला पुष्कळ पेढ्यांवर दिसते. मुनीम मोबाईलवर भाव पाहतो, संगणकावर टाइप करतो आणि मालक त्या आकड्यावर विसंबून राहतो.

हे काम छोट्याशा प्रोग्रामकडून करून घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण त्याबरोबर दुसरे मतही तितकेच स्पष्ट आहे. भाव आपोआप येऊ द्यावा. त्याचा अर्थ लावणे आणि त्यावर निर्णय घेणे मात्र यंत्रावर सोपवू नये. या दोन गोष्टींमधली रेघ पुसली गेली की सोयीची वस्तू घात करते.

हाताने लिहिण्याचे नुकसान

हाताने उतरवलेल्या आकड्यात चूक होणे स्वाभाविक आहे. ती फक्त छोट्या पेढीवर होते, असेही नाही. २०१२ साली जेपी मॉर्गन या अमेरिकेच्या बड्या बँकेला लंडनमधील सौद्यांत ६ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. बँकेने पुढे स्वतःच केलेल्या चौकशीत असे निघाले की, जोखीम मोजण्याचे काम एक्सेलच्या अनेक शीटवर चालत होते, एका शीटमधले आकडे दुसऱ्या शीटमध्ये हाताने उचलून टाकले जात होते आणि एका सूत्रात सरासरीने भागायच्या ऐवजी बेरजेने भागले जात होते. त्यामुळे जोखीम होती त्याहून कमी दिसत राहिली. एवढ्या मोठ्या बँकेची ही गत, तर दिवाणजीला दोष देण्यात अर्थ नाही. कामाची रीतच बदलली पाहिजे.

आमच्यासारख्यांना शेअरच्या ताज्या भावाची गरज कशासाठी पडते, तेही पाहू. भागीदारीच्या पेढीत शिलकीतून घेतलेले शेअर असतात आणि वर्षअखेरीस हिस्सेदारांचे हिशेब होतात. घराची वाटणी होते तेव्हा शेअरची किंमत कोणत्या दिवसाची धरायची, यावरून सख्ख्या भावांत तेढ येते. जकातीचा हिशेब ठरलेल्या दिवशी करायचा, तर त्या दिवसाचा भाव लागतो. या सगळ्या कामांना सेकंदासेकंदाचा भाव लागत नाही. तारखेचा भाव लागतो, पक्का आणि नोंदलेला. 'हिसाब जौ जौ, बख्शिश सौ सौ' ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही.

सोय कशी होते

सध्या तीन वाटा आहेत. पहिली गूगल शीटची. तीत 'गूगलफायनान्स' नावाचे तयार सूत्र आहे. सूत्रात एक्सचेंजचे आणि कंपनीचे चिन्ह दिले की त्या खान्यात भाव उमटतो. डॉलरचा रुपयातला दरही याच सूत्राने मिळतो. खर्च काही नाही. मात्र हे भाव २० मिनिटांपर्यंत उशिराचे असू शकतात आणि ते माहितीसाठी आहेत, सौद्यासाठी नाहीत, असे गूगलनेच सांगून ठेवले आहे.

दुसरी वाट एक्सेलची. १९९३ साली एक्सेलमध्ये व्हीबीए ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा आली. तिच्यात लिहिलेल्या मॅक्रोने ठरलेल्या वेळी ठरलेले काम करता येते. एक्सेलच्या वर्गणीच्या नव्या आवृत्तीत शेअरचा भाव आणणारी सोय तयारच मिळते.

तिसरी वाट ब्रोकरची. कित्येक ब्रोकर आपल्या ग्राहकाच्या प्रोग्रामला भाव पुरवतात. या जोडणीला एपीआय म्हणतात. यातून चालू क्षणाचा भाव मिळतो, पण त्यासाठी ब्रोकरकडे रीतसर परवानगी घ्यावी लागते आणि काही ठिकाणी पैसेही मोजावे लागतात.

एक्सचेंजच्या संकेतस्थळावरून प्रोग्रामने चोरून भाव ओढण्याची चौथी वाट काही जण सांगतात. ती आम्ही सुचवत नाही. क्षणाक्षणाचा भाव हा एक्सचेंजचा विकायचा माल आहे. एनएसईने त्यासाठी वेगळी कंपनीच ठेवली आहे. विनापरवाना उचललेला माल आपण दुकानात घेत नाही, तो हिशेबातही घेऊ नये. शिवाय ती वाट केव्हा बंद होईल, त्याचा भरवसा नसतो.

आता प्रश्न असा की तयार सूत्र असताना प्रोग्राम हवाच कशाला? कारण तारीख न देता वापरलेले सूत्र फक्त आत्ताचा भाव दाखवते. उद्या उघडले की त्या खान्यात उद्याचा भाव असतो, आजचा पुसला गेलेला असतो. हिशेबाला तर आजचा भाव आजच्या तारखेसह कायम लिहिलेला हवा. हे काम दहा-वीस ओळींचा प्रोग्राम करतो. गूगल शीटमध्ये त्यासाठी 'ॲप्स स्क्रिप्ट' आहे. रोज दुपारी चार ते पाचच्या दरम्यान तो आपोआप चालतो, त्या दिवसाचे भाव उचलतो आणि दुसऱ्या पानावर तारखेनिशी नोंदवतो. एकदा नोंदलेली ओळ पुन्हा बदलायची नाही. आपला जुना रोजमेळ याच रीतीचा होता. खाडाखोड चालत नसे.

आमच्यापैकी अनेकांचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले आहे. इंग्रजी सूत्र पाहिले की हात मागे येतो. पण सूत्रांत आणि प्रोग्रामात फिरून फिरून येणारे शब्द थोडेच असतात. रकान्यांची नावे मराठीत किंवा उर्दूत लिहिता येतात. एक्सेलचे पान उजवीकडून डावीकडेही मांडता येते. बाकीचे काम संगणक शिकणारा मोहल्ल्यातला एखादा मुलगा करील. मात्र मागवाल्याला ऑर्डर देताना आपण काउंट, रीड, पिक, पन्हा सगळे लिहून देतो, तसे या मुलालाही काय हवे ते कागदावर लिहून द्यावे. आणि त्याची मजुरी वेळेवर द्यावी. फुकटात करून घेतलेल्या कामाची दुरुस्ती पुढे कोणी करीत नाही.

थांबलेले घड्याळ

सर्वांत मोठा धोका भाव चुकण्याचा नाही, भाव थांबण्याचा आहे. थांबलेले घड्याळही वेळ दाखवतच असते. तशी शीटही आकडा दाखवत राहते.

याहूची एक सेवा अशीच होती. जगभरच्या असंख्य शीट तिच्यावरून फुकट भाव घेत असत. २०१७ च्या नोव्हेंबरात याहूने ती बंद केली आणि एका दिवसात त्या शीट आंधळ्या झाल्या. ज्यांच्या शीटमध्ये चुकीची खूण उमटली ते नशीबवान, कारण त्यांना निदान कळले. पण 'भाव आला नाही तर जुनाच दाखव' असे ज्या प्रोग्रामात लिहिलेले असते, त्याच्या मालकाला अशा वेळी पत्ताही लागत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच बाजाराचे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दूरसंचार जोडणीतील बिघाडामुळे एनएसईने सकाळी ११.४० वाजता सौदे थांबवले. एरवी साडेतीनला बंद होणारा बाजार त्या दिवशी दुपारी ३.४५ वाजता पुन्हा सुरू होऊन पाच वाजेपर्यंत चालला. रोज ३.४० ला 'बंद भाव' नोंदवणारा प्रोग्राम त्या दिवशी सकाळचा भाव बंद भाव म्हणून लिहून मोकळा झाला असणार. प्रोग्राम बिघडलेला नव्हता. त्याला जेवढे सांगितले तेवढे त्याने केले.

तिसरे उदाहरण २०२० च्या एप्रिलचे. टाळेबंदीमुळे एमसीएक्सचे सौदे तेव्हा संध्याकाळी पाचलाच बंद होत होते. २० एप्रिलला कच्च्या तेलाचा पडद्यावरचा शेवटचा भाव पिंपाला ९६५ रुपये होता. त्या रात्री अमेरिकेत तेलाचा भाव शून्याच्या खाली गेला आणि येथला सौदा अखेर उणे २,८८४ रुपयांनी चुकता झाला. ज्याच्या शीटमध्ये ९६५ हा आकडा होता त्याचा आकडा खोटा नव्हता. पण त्या आकड्याने काही ठरणार नव्हते.

म्हणून आमचे सांगणे असे की, भावाच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने हवेतच: भाव कोठून आला आणि किती वाजता आला. वेळ ठरलेल्या मर्यादेपेक्षा जुनी असेल तर प्रोग्रामने भाव पुसून तेथे 'भाव नाही' असे लिहावे. रिकामा खाना पाहून माणूस सावध होतो. भरलेला खाना पाहून तो निश्चिंत होतो.

भाव खरा, अर्थ खोटा

कधी भाव ताजा आणि अचूक असतो, तरीही हिशेब चुकतो. आमच्या धंद्यातलेच उदाहरण घ्या. रेमंडचे नाव कापड बाजारात कोणाला ठाऊक नाही? जुलै २०२४ मध्ये या कंपनीचा कपड्यांचा व्यवसाय वेगळा झाला. रेमंडच्या दर ५ शेअरमागे रेमंड लाइफस्टाइलचे ४ शेअर भागधारकाला मिळायचे होते. ११ जुलैला व्यवसाय वजा होऊन भाव खाली आला आणि आपोआप चालणाऱ्या शीटमध्ये एका रात्रीत मोठा तोटा दिसू लागला. नव्या कंपनीचे शेअर बाजारात आले सप्टेंबरमध्ये. मधल्या काळात घाबरून ज्याने विकले असेल, त्याने भाव बघितला पण मालाची मोजणी केली नाही.

बोनसचेही तसेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला. अडीच हजारांच्या वर असलेला भाव एका दिवसात निम्म्यावर आला. शेअर मात्र दुप्पट झाले. शीटमध्ये नग जुनेच राहिले तर निम्मी मालमत्ता गेल्याचे दिसणार. एका ताक्याचे दोन तुकडे केले म्हणून कापड कमी होत नाही. पण शीटला ताका कापला गेल्याचे कोणी सांगितलेच नसेल तर ती तरी काय करणार?

यावर उपाय साधा आहे. एका दिवसात भाव पाचव्या हिश्श्याहून जास्त हलला तर प्रोग्रामने ती ओळ लाल करावी आणि माणसाने हात लावल्याशिवाय पुढची बेरीज करू नये. बोनस, विभाजन, व्यवसाय वेगळा होणे यांच्या नोंदीसाठी वेगळे पान ठेवावे आणि ते पान हातानेच भरावे. हे काम यंत्राचे नव्हे.

रुईचा भाव जोडताना

शेअरची शीट चालू झाली की आपल्यासारख्याच्या मनात पुढची गोष्ट येतेच: रुईचा भावही यात यावा. यायला हरकत नाही. फक्त एकक सांभाळावे. न्यूयॉर्कचा रुईचा वायदा पौंडाला सेंट अशा भावात बोलला जातो. आपल्याकडे रुईची खंडी चालते. एक खंडी म्हणजे ७८४ पौंड, सुमारे ३५६ किलो. समजा न्यूयॉर्कला भाव ७० सेंट आहे आणि डॉलर ८५ रुपये आहे. तर ७० गुणिले ७८४ म्हणजे ५४,८८० सेंट, म्हणजे ५४८ डॉलर ८० सेंट. रुपयात खंडीला ४६,६४८ झाले. भाडे, विमा, आयात शुल्क हे सगळे त्यावर निराळे.

आता बाजार समितीतला भाव क्विंटलला असतो आणि तो सरकीसकट कापसाचा असतो, रुईचा नव्हे. गाठ १७० किलोची असते. हे सगळे भाव एकाच रकान्यात आले तर बेरीज सुंदर दिसते आणि सौदा बुडतो. प्रोग्रामला सेंट आणि रुपया, खंडी आणि क्विंटल यांतला भेद कळत नाही. ते भेद आपण सांगायचे, आणि रकान्याच्या डोक्यावर एकक लिहूनच सांगायचे.

किल्ली कोणाजवळ

ब्रोकरची जोडणी घेतली की एक किल्ली मिळते. ती अक्षरांची असते, पण तिजोरीच्या किल्लीइतकीच मोलाची. काही जोडण्यांत त्याच किल्लीने भावही पाहता येतो आणि सौदाही करता येतो. ती किल्ली मॅक्रोत उघडी लिहून ती शीट नोकर, पुतण्या, सीए सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवणे म्हणजे तिजोरीची किल्ली गल्ल्यावर ठेवण्यासारखे आहे. हिशेबासाठी ज्याला शीट द्यायची त्याला किल्लीविना, फक्त आकड्यांची प्रत द्यावी.

तसेच 'फुकट ऑटोमॅटिक शीट' म्हणून अनोळखी ठिकाणाहून आलेली फाइल उघडू नये. मॅक्रो हा प्रोग्राम आहे. तो भाव आणू शकतो तसा संगणकातली माहिती बाहेरही नेऊ शकतो. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने आपणहून अडवायला सुरुवात केली, ती याच कारणाने. तो अडसर कोणी काढायला सांगत असेल तर आधी सांगणारा कोण, हे विचारावे.

पुढचा मोह

शेवटी मुख्य गोष्ट. भाव आपोआप येऊ लागला की तरुण मुलांना वाटते, आता सौदाही आपोआप व्हावा. अमुक भाव आला की घे, तमुक आला की वीक. प्रोग्रामात त्यासाठी आणखी थोड्याच ओळी लागतात. आणि मग साधे शेअर सोडून वायदे आणि ऑप्शनकडे पाय वळतात, कारण हालचाल तेथे जास्त.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये सौदे करणाऱ्या १ कोटीहून अधिक वैयक्तिक ग्राहकांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये. सगळ्यांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींहून अधिक. त्याच अभ्यासात असेही आहे की २०२३-२४ मध्ये परदेशी संस्थांच्या नफ्यापैकी ९७ टक्के आणि स्वतःच्या खात्यावर सौदे करणाऱ्या मोठ्या पेढ्यांच्या नफ्यापैकी ९६ टक्के नफा संगणकी प्रोग्रामांच्या सौद्यांतून आला. म्हणजे समोरच्याकडेही यंत्र आहे, आणि ते तुमच्या-आमच्या शीटपेक्षा कितीतरी वेगाचे आहे. हातमागाने सुलझर मागाशी वेगाची शर्यत लावू नये. हातमागाची कमाई वेगात नसते, कसबात असते.

प्रोग्रामने सौदे करणाऱ्या सामान्य ग्राहकांसाठी ४ फेब्रुवारी २०२५ रोजी सेबीने स्वतंत्र परिपत्रक काढले. ब्रोकरच्या जोडणीतून जाणारा सौदा ग्राहकाच्या ठरावीक किल्लीने आणि ब्रोकरकडे नोंदलेल्या ठरावीक जोडणीवरूनच जावा, असे बंधन त्यात आहे. सरकारी यंत्रणेलाही या वाटेवर कुंपण घालावेसे वाटले, एवढे आपल्याला पुरे आहे.

तेव्हा ज्या बांधवांकडे थोडेफार शेअर आहेत, त्यांनी या महिन्यात एवढे करावे. एक शीट करावी. कंपनी, नग, खरेदीची तारीख आणि भाव हे हाताने भरावे. चालू भाव सूत्राने आणावा. शेजारी उगम आणि वेळ लिहावी. संध्याकाळी दिवसाचा भाव प्रोग्रामने तारखेसह नोंदवावा. महिन्यातून एकदा, डीमॅट खात्याच्या पत्रकाशी प्रत्येक ओळ बोट ठेवून ताडून पाहावी. आणि शीटला सौद्याची किल्ली देऊ नये.

एवढे झाले तर वर्षअखेरीस हिस्सेदारांसमोर पान उघडताना आवाज चढवावा लागणार नाही. भाव कोणत्या दिवसाचा, कोठून आला, किती वाजता आला, हे पानावरच लिहिलेले असेल. घेणाऱ्याचेही समाधान होईल आणि देणाऱ्याचेही.